खरेदी किंमत शून्य

आमच्या घरात माझ्याविषयी एक वाक्य ठरून गेलं आहे — हिच्या हातून वस्तू हरवत नाही. पाहुणे आले की आमचे हे सांगतात, मुलगी तिच्या सासरी सांगते, आणि नारायणगावच्या पेठेत आमच्या भांड्यांच्या दुकानाला लागून बसणारा चपलांचा दुकानदारसुद्धा सांगेल. गाडीची किल्ली, विजेचं बिल, एका कानातला हरवलेला मोती — विचारा, मी जागची न हलता सांगते कुठं आहे ते. हे वाक्य खोटं आहे. ते खोटं असल्याचं कळण्याचा खरा हक्क एकाच माणसाला होता, आणि नेमकं त्याच माणसाला मी ते कळू दिलं नाही. यातलं अक्षरही आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही — ह्यांच्यापुढं नाही, मुलीपुढं नाही, जैन स्थानकात साध्वींपुढं, महासतीजींपुढंही नाही. तुम्हालाच का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

तो माणूस म्हणजे बाई. माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला बाईच म्हणतात. आम्ही मूळचे राजस्थानातले जैन, पण ते 'मूळ' फक्त लग्नपत्रिकेत आणि दाल-बाटीत उरलंय. बाईंचा जन्म घोडेगावचा, सासर नारायणगावचं, आणि उभा जन्म दुकानात गिऱ्हाइकांशी बोलण्यात गेलेला. त्यामुळं त्यांची मराठी टोमॅटोच्या बाजारात क्रेट उतरवणाऱ्या बाईसारखीच होती. सांगायचं ते तोंडावर, आणि तेही रस्त्यापलीकडं ऐकू जाईल असं.

बाईंच्या कमरेला एक किल्ली असायची. माजघरातल्या लोखंडी कपाटाची. मी लग्न होऊन आले त्या दिवसापासून सव्वीस वर्षं ती किल्ली मी त्यांच्या कमरेला बघितली. हवी ती वस्तू मागायची, बाई उठायच्या, कपाट उघडायच्या, वस्तू द्यायच्या, कपाट लावायच्या. वाईट काही नव्हतं त्यात. मला कधी नाही म्हणाल्या, असं झालं नाही. पण मागावं लागायचं — आणि मी बी.कॉम. झालेली, मनानं जरा ताठ. आत एक खडा टोचतच राहिला. बारीक होता, पण चपलेतला खडा बारीकच असतो ना?

मग बाईंचे गुडघे गेले. एका सकाळी भाजी निवडता निवडता त्यांनी किल्ली काढून माझ्यापुढं ठेवली. "घे. मला आता वाकवत न्हाई." एवढंच. ना मुहूर्त, ना उपदेश. मी किल्ली कमरेला लावली आणि आत जाऊन आरशात बघितलं. हसू नका. खरंच बघितलं.

त्याच वर्षीच्या दिवाळीआधीची ही गोष्ट.

दिवाळीच्या साफसफाईत मी पहिल्यांदा ते कपाट माझ्या मनासारखं आवरायला काढलं. खालच्या दोन खणांत अण्णांच्या — म्हणजे सासऱ्यांच्या — दुकानाच्या जुन्या वह्या होत्या. अण्णा जाऊन बरीच वर्षं झाली होती. या वह्या आमच्याकडं रद्दीत घालत नाहीत. पहिल्या पानावर 'श्री' असतो, पूजेतलं कुंकू असतं. अक्षराला पाय लागला तर ती ज्ञानाची आशातना, म्हणजे अवमान. म्हणून काही वर्षांनी त्या गोणीत भरायच्या आणि नदीत सोडायच्या. नदीत सोडावं की नाही, यावरही आमच्या लोकांत वाद आहेत, पण अण्णांच्या वडिलांपासून आमच्या घरी तसंच चालत आलेलं. बाईंनीच सांगितलं होतं, औंदा वह्या सोडून ये म्हणून.

आणखीही एक सांगितलं होतं. त्यावर मी येतेच. जरा धीर धरा — इथवर यायला मलाच इतकी वर्षं लागलीत.

वह्यांच्या मागं लाल फडक्यात बांधलेलं एक पातळ पुडकं होतं. मी ते सोडलं. आत तीन पावत्या. अण्णांच्या ओळखीच्या एका माणसाचा पुण्याकडं लहानसा कारखाना होता. त्याचे शेअर अण्णांनी तीन खेपांना, मध्यस्थाकरवी घेतले होते. त्याच्या या पावत्या — किती शेअर, काय भाव, कोणती तारीख. कोपऱ्यांवर कुंकवाची बोटं. दर दिवाळीला वह्यांबरोबर त्यांचीही पूजा व्हायची. मी बी.कॉम.वाली, सगळं नीट वाचलं. पहिल्या पावतीवर भाव होता चौदा रुपये. पाठ उलटली तर तिथं अण्णांच्या अक्षरात एकच शब्द — 'आंबा'. दुसरीच्या पाठीवर — 'साखर'. मला हसू आलं. अण्णा काटकसरी, म्हटलं, बाजाराची यादीसुद्धा पावतीच्या पाठीवर करत होते की काय! तिसरीच्या पाठीवरही एक शब्द होता. तो काही बाजारात मिळत नाही. त्यापाशी मी क्षणभर थांबलेही होते. तो कोणता, ते पुढं सांगते. इतक्यात लिहायला हात धजत नाही.

मी विचार काय केला? — की शेअर तर मुलीनं मागंच डिमॅट खात्यात घालून घेतलेत, बाईंच्या नावावर. मग या चिठोऱ्यांचं काय लोणचं घालायचंय? मला त्या खणात माझी बस्त्याची पातळं ठेवायची होती. सव्वीस वर्षांनी माझं कपाट, माझा खण. पुडकं पुन्हा बांधलं आणि गोणीत टाकलं.

दुपारी गाडी काढून मीना नदीच्या पुलाखाली गेले. पाऊस नुकता संपलेला, पात्र भरून वाहत होतं. नारळ फोडला, गोण्या मोकळ्या केल्या. वह्या जड, त्या बुडाल्या. लाल फडकं तेवढं थोडं वर राहिलं, मग तेही दिसेनासं झालं. येताना मी पेढे घेतले. का घेतले, कोण जाणे. आनंद झाला होता मला.

वर्ष-सव्वा वर्षानं पत्र आलं. तो लहान कारखाना कुणा मोठ्या कंपनीनं घेतला होता आणि जुन्या भागधारकांचे शेअर ते चांगल्या दामानं विकत घेत होते. घरात गोडधोड झालं. बाईंच्या नावचे शेअर विकले, पैसे बाईंच्या खात्यात आले. मग आला कर भरायचा प्रश्न. आमचं करांचं काम बघणारा धनंजय अवसरीचा. मंचरला त्याचं ऑफिस. स्वभावानं गरीब, पण कामाला पक्का. त्यानं फोनवर ह्यांना सांगितलं, की नफा काढायचा तर विक्रीतून खरेदी वजा करायची, आणि अण्णांनी जे मोजले तीच बाईंची खरेदी किंमत. तेव्हा अण्णांच्या पावत्या काढून ठेवा.

हे जेवता जेवता बाईंना म्हणाले, "बाई, त्या शेअरच्या पावत्या कुठं आहेत?"

"कपाटात. लाल फडक्यात," बाई म्हणाल्या. घास तोंडात होता तरी लगेच म्हणाल्या.

माझी तव्यावरची पोळी करपली. हे उठले, मी किल्ली दिली. कपाट उघडलं. माझी पातळं, एकावर एक, घडी मोडलेली एकही नाही. बाई भिंतीला धरत धरत आल्या. त्यांनी खण बघितला, पातळांखाली हात घालून बघितला. मग माझ्याकडं वळल्या. रागानं नव्हे — खरंच नव्हे, रागावल्या असत्या तर मी कदाचित भांडता भांडता खरं बोलून गेले असते. नुसतं विचारलं, "मी तुला म्हणलं व्हतं ना गं, वह्या सोड, पण लाल फडक्याला हात लावू नगं?"

आणि मी म्हणाले, "नाही, बाई. असं काही तुम्ही म्हणालाच नाहीत."

हे ते वाक्य. एवढंच. एका श्वासात संपलं. आवाजसुद्धा हलला नाही माझा.

का बोलले? मी किती वेळा स्वतःला विचारलंय. ह्यांची भीती? — ह्यांना तर राग येतो तो क्रिकेटच्या पंचाचा, एरवी गाय आहेत. पैशांची? — पैसे तर येऊन पडले होते. मला वाटतं, ती किल्ली. सव्वीस वर्षं मनात जपलेली किल्ली हाती येते आणि पहिल्याच वर्षी, हात लावू नको म्हणून सांगितलेली नेमकी तीच वस्तू तुम्ही नदीत घालता! कमरेची किल्ली परत काढून द्यावी लागेल, असं कुणी म्हटलं नव्हतं. पण मला ते ऐकू आलं. आणि तोंडातून खोटं निघून गेलं, शिंक निघावी तसं.

त्या वेळी बाईंची अवस्था कशी होती, तेही सांगायला हवं. ऐंशीला टेकल्या होत्या. आठवड्यापूर्वी चष्मा शोधत घर पालथं घातलं आणि तो सापडला डाळीच्या डब्यात. दूध गॅसवर ठेवून विसरल्या होत्या एकदा. एवढंच. असं तर माझंही होतं आता. पण ह्यांनी तेवढ्यावरून, अगदी मायेनं, त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "जाऊ द्या बाई. तुम्हीच कुठं हलवल्या असतील. हल्ली लक्षात राहत नाही तुमच्या."

बाई माझ्याकडं बघत होत्या. मी खाली बघितलं. मग त्या म्हणाल्या, "आसंल बाबा."

धनंजय दोन दिवसांनी घरी आला. बिचाऱ्यानं खटपट खूप केली होती. मध्यस्थ वारला होता, त्याच्या मुलांना काही माहीत नव्हतं. कंपनीकडं शेअर नावावर झाल्याच्या तारखा होत्या, भाव नव्हता. आणि हे शेअर बाजारात कधी आलेच नसल्यानं जुन्या वर्तमानपत्रातही भाव मिळण्यासारखा नव्हता. बँक एवढं जुनं ठेवत नाही. तो म्हणाला, "काका, कागदच न्हाय तर मग खरेदी किंमत शून्य धरावी लागंल. कर जरा जास्त बसंल, पण कटकट न्हाय."

बाई झोपाळ्यावर बसल्या होत्या. त्यांनी पाय टेकून झोपाळा थांबवला.

"शून्य कसं?" म्हणाल्या. "फुकट आले व्हते का?"

"तसं न्हाय आजी, पुरावा नाय ना —"

"चौदा रुपयांनी घेतले व्हते पयले. आंब्याच्या वर्षी."

हे हसले. धनंजयही ओशाळं हसला. 'आंब्याच्या वर्षी' म्हणजे काय, ते त्या दोघांना ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं — पण माझ्या डोळ्यांपुढं पावतीची पाठ आली आणि मी चहाचा ट्रे खाली ठेवला.

मग बाईंनी सांगितलं. तरुणपणी एका चातुर्मासात त्यांनी महासतीजींपुढं नेम घेतला होता, की घरात परिग्रह वाढला, म्हणजे काही मालमत्ता वाढली, तर आपल्या आयुष्यातलं काहीतरी तेवढ्या वर्षापुरतं सोडायचं. अण्णा त्यांची थट्टा करायचे. तरी शेअर घेऊन घरी आले की पावती पुढं धरून विचारायचे, "बोल, काय सोडती?" पहिल्या खेपेला बाईंनी आंबा सोडला. दारात जुन्नरच्या हापूसची पेटी यायची, त्या पोरांना रस काढून द्यायच्या आणि हात धुऊन टाकायच्या. वर्षभर बोटसुद्धा चाटलं नाही. दुसऱ्या खेपेला साखर. "आन तिसऱ्या येळंचं ऱ्हाऊ द्या," म्हणाल्या, आणि पदरानं तोंड पुसलं. सोडलेल्याची जाहिरात करू नये, असं त्या नेहमी म्हणायच्या. तेवढं बोलल्या तेही शून्य ऐकून दुखावल्या म्हणून. शेवटी धनंजयला म्हणाल्या, "आता तूच सांग. शून्य कसं लिव्हणार तू?"

मग धनंजय फार हळू आवाजात म्हणाला, "आजी, त्या पावत्या घरात कुनी बगितल्या असत्या, तर त्यांचं लेखी घेऊन एक प्रयत्न करता आला असता. कुनी वाचल्यात का?"

त्यानं तिघांकडं बघितलं. माझ्याकडंही बघितलं.

मी म्हणाले, "पोहे आणते गरम," आणि आत गेले. स्वयंपाकघरात कढई गॅसवर चढवली. बाहेर बाई विचारत होत्या, चौदाच व्हता ना रं भाव? का बारा व्हता? आणि हे त्यांची समजूत घालत होते, असू दे बाई, असू दे. बघा, एवढ्याशा वेळात चौदाचे बारा झाले. ज्या बाईला सगळं लख्ख आठवत होतं, ती माझ्या पोह्यांना फोडणी बसेस्तोवर डळमळली.

रिटर्नच्या कागदावर बाईंचीच सही हवी होती. त्यांनी चष्मा लावला, बोट ठेवून विचारलं, "हितं लिव्हलंय का शून्य?" धनंजयनं हो म्हटलं. बाईंनी त्याच्यावर बोट जरा वेळ ठेवलं, मग आपलं नाव लिहिलं, सावकाश, वेलांट्या पुऱ्या करत. कर भरला. जास्तीचा गेला तो कुणालाच जाणवला नाही. हे दुसऱ्या दिवशी विसरलेसुद्धा.

बाई विसरल्या नाहीत. दुपारची जेवणं झाली की त्या शोधायला लागायच्या. पिठाचे डबे, गाद्यांखाली, लोणच्याच्या बरण्यांमागं, देव्हाऱ्याच्या पाटाखाली. मी म्हणायची, "बाई, जाऊ द्या ना आता." त्या म्हणायच्या, "ठिवलं तर मीच आसंल ना? मंग सापडंल." मी मग त्यांच्याबरोबर शोधायला बसायची. हो — शोधायला बसायची! करून सवरून नामानिराळं राहणं म्हणतात ते असं. डबे खाली काढून द्यायची, त्या बघायच्या, मी परत वर ठेवायची.

आणि मग एकेक गोष्ट त्यांच्या हातून सुटत गेली. विसरल्या म्हणून नव्हे — विसरू, या भीतीनं. कैरीच्या लोणच्यात मीठ त्या आयुष्यभर मुठीनं घालत आल्या; त्या उन्हाळ्यात म्हणाल्या, "तूच घाल गं, माझा भरवसा न्हाई." त्यांचं प्रतिक्रमण, म्हणजे दिवसभराच्या चुकांची क्षमा मागायचे पाठ, लहानपणापासून तोंडपाठ. आता संध्याकाळी मला पुस्तक घेऊन समोर बसवायच्या. त्या डोळे मिटून म्हणायच्या, मी ओळीवर बोट फिरवायची. मधेच एक डोळा उघडून विचारायच्या, "बरुबर म्हणती का मी?" बरोबरच असायचं. एक अक्षर कधी चुकलं नाही. मी म्हणायची, बरोबर आहे, बाई. त्या एका बाबतीत तेवढी मी खरं बोलत होते.

आता जे सांगणार आहे, ते पावत्यांपेक्षाही मला जड जातं. त्या दिवसांत बाई माझ्यावर माया करायला लागल्या. आधी करत नव्हत्या असं नाही, पण ती हात राखून होती. आता सगळं माझ्यावर टाकलं त्यांनी. कुणी आलं की माझा हात धरून म्हणायच्या, "माझं डोस्कं आता हिच्यापाशी हाय. हिच्या ध्यानात समदं ऱ्हातं." केस विंचरून घ्यायच्या माझ्याकडून. मला जवळ बसवून घोडेगावच्या गोष्टी सांगायच्या. सव्वीस वर्षं जे हवं होतं ते मला मिळालं — आणि मला ते आवडत होतं. काय सांगू तुम्हाला! त्यांचे विरळ झालेले केस हातात घेतले की मला भरून यायचं, खरंखुरं प्रेम वाटायचं, आणि त्याच वेळी ठाऊक असायचं की हे कशातून उगवलंय. कितीदा ओठांवर आलं होतं. पण बोलले तर ही मायाही जाईल. म्हणून गप्प राहिले. आधी किल्लीसाठी गप्प होते, मग मायेसाठी.

संवत्सरीला, म्हणजे पर्युषणाच्या शेवटच्या दिवशी, आम्ही लहान-मोठ्या सगळ्यांची क्षमा मागतो. मी बाईंच्या पाया पडून 'मिच्छामि दुक्कडं' म्हणायची — माझं वाईट केलेलं फुकट जावो. दर वर्षी म्हटलं. घाऊक क्षमा सोपी असते, तपशील द्यावा लागत नाही. आणि बाई वाकून माझे हात धरायच्या, म्हणायच्या, "माझ्या इसराळूपणाचा तुला लई तरास व्हतो. तूच माफ कर मला." मी म्हणायची, असं काय बाई!

त्यांच्या शेवटच्या उन्हाळ्यात मी त्यांना वाटीतून आमरस भरवत होते. हात थरथरायचे त्यांचे. दोन चमचे झाल्यावर थांबल्या.

"आंबा सोडला व्हता मी एकदा. का न्हाई?"

"सोडला होता, बाई."

"मंग साखर."

"हो."

"आन तिसऱ्या येळंला काय गं?" त्या छताकडं बघत आठवायला लागल्या. कपाळावर आठ्या पडल्या. "कायतरी मोठं व्हतं. तुला सांगितलं व्हतं का मी कदी?"

तिसऱ्या पावतीच्या पाठीवर अण्णांनी 'माहेर' लिहिलं होतं. शब्द माझ्या जिभेवर होता. तो एक शब्द दिला असता, तर बाईंना त्यांचं ते अख्खं वर्ष परत मिळालं असतं. कळलं असतं, की आपलं डोकं शाबूत आहे, तेव्हाही होतं. त्यांनी विचारलं असतं, तुला गं कसं ठाऊक? — आणि मी सांगितलं असतं. एवढंच करायचं होतं.

मी म्हणाले, "नाही, बाई. तुम्ही कधी सांगितलं नाही."

शब्दाला शब्द खरं होतं ते. त्यांनी सांगितलं नव्हतंच.

बाईंच्या कपाळावरच्या आठ्या हळूहळू गेल्या. "मंग न्हाईच सोडलं आसंल काय," म्हणाल्या. "उगं आपलं वाटत आसंल मला." आणि पुढच्या चमच्यासाठी तोंड उघडलं, लहान मुलासारखं. मी भरवलं.

पावसाळ्यात बाई गेल्या. घोडेगावच्या मामी — बाईंची धाकटी भावजय — भेटायला आल्या, त्याही थकलेल्या. माझ्याजवळ बसून जुनं जुनं आठवत होत्या. म्हणाल्या, "एक वरीस वन्सं आमच्याकडं आल्याच न्हाईत. राखीला न्हाई, दिवाळीला न्हाई. तासाभराचा रस्ता! आमी समदे म्हणायचो, कशावरनं तरी रुसल्या. मोठ्या बाईंची, वन्संच्या आईची, नजर तवाच गेली. वरसानं आल्या तर त्यांनी तोंड चाचपून वळखलं लेकीला." मग डोळे पुसून मला विचारलं, "कशाचा राग धरला व्हता, कुनास ठाऊक. तुमाला कदी बोलल्या का?"

मी मान हलवली आणि त्यांना चहा आणायला आत गेले.

किल्ली माझ्याच कमरेला आहे. पातळं त्याच खणात आहेत. मामी अजून आहेत, घोडेगावातच आहेत, आणि रस्ता तासाभराचाच आहे. मी अजून गेलेले नाही. जाईन, असंही इथं लिहीत नाही. माझ्या बोलण्याची किंमत आता तुम्हाला कळलीच आहे.

तेवढं एक मात्र कुठंतरी नोंदलेलं असावं. वह्या सोड, पण लाल फडक्याला हात लावू नको, असं बाई मला म्हणाल्या होत्या. स्वयंपाकघराच्या दारात, चौकटीला धरून उभ्या होत्या. मी गोण्या झटकत होते. मी ऐकलं होतं.